हिरव्या झाकणाची

नोव्हेंबरच्या शेवटी आमची प्लॅटून पोस्टवर चढली. उंची बारा हजार फूट. बंकर सहा, हेलिपॅड एक, झाड एकही नाही. मी लान्स नाईक होतो, रेडिओ ऑपरेटर. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला माणूस, नंदुरबारच्या कॉलेजातून बी.ए. झालो आणि मग भरती झालो. सांगायला लाज कसली? पोस्टवर सगळे मला ‘बीए’ म्हणत. चिडवायला सुरुवात झाली, पुढे तेच नाव झालं. पोस्टचा लॉग माझ्या अक्षरात लिहिला जायचा. म्हणून वेळा मला अजून तोंडपाठ आहेत.

माझा बडी शिपाई सायसिंग वसावे. बडी म्हणजे जोडीदार. पहाऱ्याला, जेवायला, झोपायला सोबत. मी तापीकाठचा आणि तो मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा, म्हणजे एकाच जिल्ह्यातले. घरी तो भिली बोलायचा, माझ्याशी अहिराणी. खापरच्या बाजारात फिरून शिकलेला. सबंध पोस्टवर आम्ही दोघंच एकमेकांना ‘काय करी ऱ्हायना?’ विचारणारे.

रोजचा कार्यक्रम ठरलेला. पाच वाजता स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहणं, सात वाजता चहा, मग बर्फ काढणे, हत्यारं साफ करणे. रविवारी दुपारी ज्याला पाहिजे त्याला आपल्या कोट्यातली दारू. बहुतेक जण रम घ्यायचे. व्हिस्की घेणारे थोडे, पण वाद त्यांचेच जास्त. खाली बेसच्या कॅन्टीनमधून तीन प्रकारच्या बाटल्या वर आल्या होत्या. तिन्ही ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळा माल एकत्र करून केलेल्या. नावं कोणी घेत नसे. लाल झाकणाची सगळ्यात स्वस्त, हिरव्या झाकणाची तिच्या जरा वर, सोनेरी झाकणाची महाग.

सायसिंगला मात्र हा वाद नव्हता, काम होतं. त्याचे वडील पाड्यावर मोहाची काढायचे. चार पाड्यांत त्यांच्या हातची नावाजलेली. पोरगा फौजेत गेला तेव्हा म्हातारा म्हणाला होता, ‘तुम्ही फौजी जी पिता ती एकदा आण. मन्हीपेक्षा चांगली शे का ते पाहतो.’ त्यावर सायसिंग तीन सुट्ट्या घरी जाऊन आला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने गेला. कारण ठरत नव्हतं. एकच बाटली न्यायची, तिच्यावर फौजेची इज्जत, ती चुकायला नको. आता जानेवारीअखेर चौथी सुट्टी होती.

मी म्हटलं, रीतसर परीक्षा घेऊ. तीन स्टीलचे मग घेतले, खाली खडूने आकडे टाकले. कोणत्या मगात काय ते फक्त मला माहीत. सेक्शनचे पाच जण बसले. एकाने वास घेतला, एकाने पाणी घालून पाहिलं. आमचा कुक म्हणाला, “सकाळी पीटीला उभा करते ती चांगली. बाकी सगळं पुस्तकी.”

सायसिंगने आधी प्रत्येक मगातून बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर टाकले. तो पहिला घोट घेण्याआधी नेहमी असं करायचा. त्यांच्याकडे रीत आहे, आधी धार गेलेल्यांना, मग आपल्याला.

मी त्याला नेहमीप्रमाणे बोललो. “आरे, कोटानी दारू शे. जमीनले काय पाजी ऱ्हायना?”

“जमीनले नही, आजाले.”

“तुन्हा आजा बारा हजार फुटवर कशाले यी?”

“तुन्हाबरोबर बसाले नही यी, एवढं नक्की.”

सगळे हसले. मग त्याने तळहातावर थोडी घेतली, दोन्ही हात चोळले आणि हुंगले. इथपर्यंत ठीक होतं. पण पाड्यावर मोहाच्या दारूचा कस पाहायची पुढची पायरी म्हणजे विस्तवावर टाकून ज्वाळ पाहणे. त्याने झाकणभर व्हिस्की सरळ तापलेल्या बुखारीवर, बंकरातल्या घासलेटाच्या शेगडीवर, फेकली.

ज्वाळ पत्र्याला लागली. कुकच्या डाव्या भुवईचे केस गेले. तेवढ्यात दारात सुभेदार कदम साहेब.

“काय चाललंय?”

“टेस्टिंग, साहेब.”

“बाहेर घासलेटाचे जेरीकॅन आहेत आणि आत तू टेस्टिंग करतोस? बीए, तुझं डोकं कुठं होतं?”

शिक्षा दोघांना. पाठीवर पिठ्ठू, म्हणजे भरलेली पिशवी, आणि हेलिपॅडला वीस फेऱ्या. विसावी संपली तेव्हा आम्ही पिठ्ठूसकट बर्फात बसलो. साहेब घड्याळ बघत उभे होते. म्हणाले, “बरं. जिंकली कुठली?”

“दोन नंबर, साहेब,” सायसिंग म्हणाला.

दोन नंबर म्हणजे हिरवी.

मला पटलं नव्हतं. परत येताना मी म्हटलं, “बापले पहिल्यांदा लई जाशी तर सोनेरी लई जा. पैसा मी टाकस.”

तो म्हणाला, “भारी बाटली लई गवू तर बाबा उघडावच नही. कोठीमा ठेवी आणि पाव्हणास्ले दखाडी. आणि उघडी तर धार टाकतांना हात आखडी. ज्या दारूनी धार टाकतांना हात आखडस ती दारू काय कामनी? लाल घशाले चावस. हिरवी पेवाले चांगली आणि सांडाले बी चांगली.”

बी.ए.च्या तीन वर्षांत मला कोणी इतकं सरळ कारण दिलं नव्हतं. त्याने आपल्या कोट्यातली हिरवी न उघडता मोज्यात गुंडाळली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली.

जानेवारीतला तो दिवस स्वच्छ होता. सकाळी नऊ चाळीसला लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, निघाली. पाच जण, पुढच्या पोस्टपर्यंत जाऊन परत. सर्वात पुढे सायसिंग, हातात बर्फ तपासायची काठी. डोंगराचा माणूस, पायाखालचं त्याला आमच्या आधी कळायचं. मी सेटवर. दहा पंधराला रिपोर्ट आला, ऑल ओके.

अकरा वीसला सेट वाजला.

“अल्फा फॉर अल्फा वन. बर्फ खिसका है. चार सलामत. एक नीचे. ओवर.”

“अल्फा. कौन नीचे? ओवर.”

“वसावे. ओवर.”

“रॉजर,” मी म्हटलं. लॉगमध्ये वेळ लिहिली, नाव लिहिलं. साहेब शोधाची पार्टी घेऊन धावत निघाले. मला सेट सोडता येत नव्हता. एक पन्नासला मेसेज आला, मिळाला. दोन पाचला दुसरा आला. तोही मी लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आहे, मी नंतर पाहिलं.

परत आलेल्या चौघांनी सांगितलं ते असं. सायसिंगने काठी रोवली, थांबला आणि मागे न बघता हात वर केला. थांबा. चौघे जागच्या जागी थांबले. मग उतार सुटला. त्यांच्यापासून दहा पावलांवरून पुढचं सगळं खाली गेलं. हात वर झाला नसता तर लॉगमध्ये पाच नावं असती.

त्याचं सामान मी बांधलं. यादी करावी लागते, एकेक वस्तू, खाली सही. तळाशी मोजा निघाला. मी साहेबांकडे पाहिलं.

“यादीत नको,” साहेब म्हणाले. “पण पोचली पाहिजे. तू जा.”

चौथ्या दिवशी हवामान उघडलं, हेलिकॉप्टर आलं. मी त्याच्यासोबत एस्कॉर्ट म्हणून निघालो. मोलगीपर्यंत फौजेची गाडी, पुढे रस्ता संपेपर्यंत जीप, मग खांदे. डोंगरातून माणसं पायी आली होती. सलामी झाली. त्यांच्या रीतीने जे करायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी वडिलांपुढे बाटली ठेवली.

“सायसिंगनी तुमच्यासाठी निवडली.”

म्हाताऱ्याने बाटली हातात फिरवली. “हीच?”

“हीच. तीन पाहिल्या त्याने.”

त्यांनी झाकण उघडलं. तळहातावर घेतली, चोळली, हुंगली. मग चुलीत थोडी फेकली. ज्वाळ उठली. त्यांनी मान हलवली. “खरी शे,” एवढंच म्हणाले. मला बुखारी आठवली.

मग ते अंगणात आले आणि धार टाकायला लागले. नावं घ्यायची ती मोठ्यापासून. आधी त्यांचा आजा, मग बाप, मग थोरला भाऊ. प्रत्येक नावाला थोडी थोडी. भावाच्या नावानंतर त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली. मग म्हणाले, “सायसिंग.” आणि बाटली आडवी धरली. हात आखडला नाही. अर्धी बाटली जमिनीत गेली. उरलेली आम्ही दोघांनी आणि त्याचा धाकटा भाऊ गुलाब याने प्यायली.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. आता नंदुरबारला राहतो. लग्नाकार्याआधी लोक येतात. “फौजीभाऊ, तुम्हाला माहीत. कमी पैशात चांगली व्हिस्की कुठली?” मी हिरव्या झाकणाची सांगतो. काही जण तोंड वाकडं करतात. माजी सैनिक आणि मधली सांगतो? त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझ्या घरी हीच असते. गावातल्या मोठ्या माणसापुढेही हीच ठेवली आणि अभिमानाने ठेवली.

दर जानेवारीला एक बाटली घेऊन मी वर जातो. आता पाड्यापर्यंत रस्ता झाला आहे. तीन वर्षांपूर्वी म्हातारे गेले. त्यानंतरच्या जानेवारीत गुलाबने बाटली उघडली आणि माझ्या हातात दिली.

“भाऊ, तू टाक.”

“मी? मी तुमच्यातला नही.”

“बाबा सांगी गयेल शे. बीए टाकी.”

मी अंगणात उभा राहिलो. म्हाताऱ्याच्या आजाचं नाव घेतलं, म्हणजे सायसिंगच्या पणजोबाचं. मग त्याच्या मुलाचं, मग म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाचं. मग म्हाताऱ्याचं. आणि त्यांच्यामागून, जिथे मुलाचं नाव यायला पाहिजे तिथे, शिपाई सायसिंग वसावे.

त्या नावाला मी बाटली आडवी धरली.