एकेक किडनी आणि प्रोटीनचा डबा

सहा वर्षांपूर्वी मी माझी एक किडनी धाकट्या भावाला दिली. मला तसा काही त्रास झाला नाही, पण एक भीती कायमची लागली. कुठलंही औषध, काढा, चूर्ण तोंडात टाकताना हात थबकतो. उरलेली एकच आहे.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने मला महिनाभर अंथरुणाला खिळवलं. उठले तेव्हा मांड्यांच्या काड्या झाल्या होत्या. जिना चढताना पाय लटपटायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "स्नायू गेलेत तुमचे. व्यायामाबरोबर प्रोटीन वाढवा. जेवणातून जमत नसेल तर पावडर घ्या." बाहेर पडल्यावर लक्षात आलं, ऑपरेशनचं तिला सांगायचंच राहिलं.

तरी गंगापूर रोडवरच्या एका दुकानात गेले. भिंतभर काळे डबे, त्यांच्यावर फुगलेल्या दंडांची चित्रं. दुकानदाराने तीन डबे समोर ठेवले. एकात दुधापासूनचं प्रोटीन, एकात वाटाण्याचं, एकात वजन वाढवायची पावडर. चष्मा लावून मी घटक वाचू लागले. निम्मी नावं कळेनात.

"किडनीला चालतं का हे?"

"सगळेच घेतात मॅडम. काही होत नाही."

तिसऱ्या डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, किडनीचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारा. मी डबा ठेवला आणि तशीच बाहेर पडले.

भावाचं घर तिथून जवळ. तो पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे, अजून परतला नव्हता. भावजय चहा टाकत होती. फडताळात तोच काळा डबा दिसला, निम्मा संपलेला.

"हा कोणाचा गं?"

"ह्यांचा. चार महिने झाले, जिमला जातात ना. तुम्हाला बोलले नाहीत, ताई?"

दिवाळीत त्याचे खांदे भरलेले पाहून मीच खूश झाले होते.

तो आला तसं मी विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस?"

त्याने डब्याकडे पाहिलं. "ट्रेनरने दिलाय."

"तुझं ऑपरेशन झालंय हे त्याला माहितीये?"

"नाही." तो खुर्चीत बसला. "ताई, सहा वर्षं मी आजारी माणूस आहे. लेक मला साधी पिशवी उचलू देत नाही. जिममध्ये कोणाला काही माहीत नाही. तिथे मी चारचौघांसारखा असतो."

ओरडायचं ठरवलं होतं, त्याऐवजी म्हटलं, "उद्या दोघं जाऊन रक्त तपासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दोघांनी रक्त तपासायला दिलं. माझा रिपोर्ट ठीक आला. त्याचं क्रिएटिनिन, किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा, नेहमीपेक्षा वाढलेलं होतं. डॉक्टरांनी डब्यावरचं सगळं वाचलं. "यात स्नायू वाढवायचं क्रिएटिनही आहे. त्यानेसुद्धा आकडा वर जातो. पण किडनीवर खरंच ताण आला असेल, तर आज सांगता येणार नाही. हे आजपासून बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू."

ते पंधरा दिवस मी रोज त्याला फोन करायचे. लघवी नीट होतेय का, पायावर सूज आहे का. शेवटी तो फोन उचलेनासा झाला. मग मी भावजयीला विचारायचे. भाजी चिरता चिरता सुरी थांबायची. डायलिसिसच्या खुर्चीवरचा त्याचा राखाडी चेहरा डोळ्यांपुढे यायचा. तेव्हा निदान द्यायला माझ्याकडे काहीतरी होतं. आता ही गेली, तर दुसरी आणायची कुठून? हे मी कोणाजवळ बोलले नाही. बोललं तर खरं होईल असं वाटायचं.

पुन्हा रक्त तपासलं. आकडा पूर्वीच्या जागी आला होता. हलके व्यायाम करायला डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली, पावडर मात्र नाही. मलाही म्हणाले, "तुम्हाला डब्याची गरजच नाही. अंडी, डाळ, पनीर मापात घ्या. बाकी आहारतज्ज्ञ सांगतील."

दवाखान्याबाहेर भाऊ गाडी काढत होता. मी म्हटलं, "यापुढे असलं काही घेण्याआधी मला विचारायचं."

"आणि तू नाही म्हणालीस तर? तू नाहीच म्हणणार, ताई. तुला सगळ्याचीच भीती वाटते."

ते खरं होतं.

"तरी विचार," मी म्हणाले आणि त्याच्या मागे बसले.