मास्तरांनी ठेवलेली फांदी

फोड तोंडात पडली आणि थोरल्या बहिणीचा एक डोळा आपोआप मिटला. दुसरा उघडाच राहिला आणि तो धाकट्या भावावर, मास्तरांवर रोखलेला होता.

"ही?" ती म्हणाली. "ही आईची मोसंबी?"

मास्तर म्हणजे बाजारपेठेतले शिंपी. उभ्या हयातीत त्यांनी कुणाची विजार आखूड शिवली नाही. घरामागे चार चादरी वाळत घालता येतील एवढी जागा. तिथं अंजीर, पेरू, पानांपलीकडे काही न देणारी एक लिची आणि कोपऱ्यात ही मोसंबी. दुकान बंद केलं की मास्तर हातपाय धुवायच्या आधी तिच्याकडे जात.

मूळ झाड आईनं लावलेलं, जुन्या घराच्या अंगणात; मास्तरांच्या लग्नाआधीच ते फळायचं थांबलेलं, आणि आई गेल्यावर ते घर बहिणीकडे आलं. भाच्याला गाडीसाठी छप्पर हवं झालं आणि झाड पाडायचं ठरलं. मास्तर आदल्या दिवशी जाऊन त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. रोपवाटिकेतून जंबेरीचं रोप आणलं. जंबेरी फळाला आंबट, अंगाला काटेरी, पण मुळं राक्षसाची. तिच्या सालीला चीर देऊन काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, आत बसवला, वरून पट्टी आवळली. शिंप्याच्या हाताला ते बटण लावण्याइतकं सोपं. डोळा फुटला तसा त्यांनी बहिणीला फोन केला, "ताई, आई जिवंत आहे!" ती बिचारी मटकन खुर्चीत बसली.

त्यानंतर इतकी वर्षं तिनं वाट पाहिली. पहिली फळं धरली तेव्हा मास्तरांनी घरात दम भरला होता, ताई आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. फळांची साल खडबडीत दिसत होती, पण पहिल्या बहराला असंच असतं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

"वन्सं, साखर आणू का?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"पोतं आण," बहीण म्हणाली.

मास्तरांनी स्वतः फोड खाल्ली. दात आंबले, कानामागे सणक गेली. दुसऱ्या फांदीवरचं फळ तोडलं. तेही तसंच. तिसरं सोललं, तेही आंबटच.

बहीण तोवर झाडापाशी पोचली होती. "अरे, आईच्या झाडावर आपण चढायचो. एवढे काटे असते तर तुझी चड्डी अंगावर राहिली असती का?" मग ती वाकली. "डोळा कुठं भरला होतास?"

मास्तरांनी खोडावर बोट ठेवलं. ठेवलं आणि तसंच राहिलं. अख्खं झाड त्या बोटाच्या खालून फुटून वर गेलं होतं. बोटापाशी अंगठ्याएवढं वाळकं थोटूक. मोडलेलं नव्हे, किडलेलं नव्हे. तिरकं, साफ कापलेलं. तो काप त्यांनी हजार कापडांवर पाहिला होता. त्यांच्याच कात्रीचा.

रोपवाटिकावाला म्हणाला होता, एकच फांदी ठेवा, बाकी काढून टाका. तेव्हा दोन होत्या. एक पिवळट, मरतुकडी, आज जाते की उद्या. दुसरी डोळ्याच्या खालून, जंबेरीतूनच आलेली, सरळसोट, तुकतुकीत. विरलेलं कापड ठेवून नवं कोण फाडतं? मास्तरांनी चांगली ठेवली.

"मीच कापली गं," ते म्हणाले.

बायकोच्या हातातली साखरेची वाटी हातातच राहिली. बहीण थोटकाकडे बघत होती, जणू ते अजून हलेल.

मास्तर उठले आणि घरातून करवत घेऊन आले. "बुडापासून कापतो."

"खबरदार!" बहीण खोडाला पाठ लावून उभी राहिली. "माझ्या पोरानं एक पाडलं, तू एक कापलंस. या घरातल्या पुरुषांनी आता जरा दम खावा."

करवत हातातून गळली. मास्तर जमिनीवरच बसले, मांडीवर सालींचा कचरा. जीभ अजून चरचरत होती. त्यांनी डोळे मिटून आईच्या मोसंबीची चव आठवून पाहिली. नुसता हा आंबटपणाच वर आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आता मात्र ते खरे हादरले.

"ताई," ते म्हणाले, "ती लागायची कशी गं?"

"कशी म्हणजे? गोड."

"गोड तर बाजारातली पण असते. आईची कशी लागायची?"

बहिणीनं सांगायला तोंड उघडलं. मग तिनं भावजयीकडे पाहिलं, जणू तिला ठाऊक असेल. भावजयीनं ती मोसंबी कधी खाल्लीच नव्हती.