हबीबचाचांच्या दोरीवरचं पांढरं कापड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि खरं सांगायचं तर तेव्हा माणसांवरही फारसा नव्हता. तरी सांगते, पटलं तर बघा.

१९६१ चा डिसेंबर. दिग्रसला आमच्या घरासमोर हबीबचाचांचं रंगारीकाम चाले. माझा दादा नौदलात अधिकारी. त्याचं जहाज गोव्याच्या नाकेबंदीवर, आणि तीन आठवडे पत्र नाही. आईचं जेवणावरून मनच उडालं होतं. मागच्या सुट्टीत दादानं मला जहाजांच्या निशाणांचा तक्ता शिकवला होता — कुठलं निशाण म्हणजे कुठला निरोप.

एका सकाळी चाचांच्या दोरीवर तीन कापडं दिसली. लाल, पांढरं, निळं, एकाला एक लागून. तक्त्यात याचा अर्थ, ‘माझ्या पुढून जाऊ नका.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच! हा माणूस नक्की कुणाला तरी इशारे करतोय... दिग्रसला समुद्र कुठला, हे डोक्यातच आलं नाही. तडक पोलीस चौकीत सांगून आले. जमादारांनी चाचांना नेऊन बसवलं, कापडं पुरावा म्हणून काढून नेली आणि अंगणाला कुलूप ठोकलं.

चौथ्या सकाळी कुलूप तसंच — आणि दोरीवर पुन्हा लाल, पांढरं, निळं.

मी चौकीकडे पळाले. कापडांचं गाठोडं जमादारांच्या टेबलावर होतं. बाकावर चाचा.

“चाचा, ते पांढरं कापड कुणाचं?”

“मले काय मालूम? पांढरं तं माह्याकडं रंगवाले येते बेटी, वाळू घालून काय करू? मले वाटलं तूच टांगते. रोज खिडकीतून पाहून राह्यली होती.”

जमादारांना म्हटलं, माझीच चूक झाली, सोडा यांना. दुपारी सोडलं.

गोवा मोकळा झाल्यावर दादाचं पत्र आलं. बिनतारी बंद ठेवायचा हुकूम होता, म्हणून चार दिवस एकच निशाण लावून उभे होतो, तुला तक्ता आठवतो ना, असं त्यानं लिहिलं होतं. निशाणाचे रंग तेच. आई त्या दिवशी रडत रडत पोटभर जेवली.

ती कापडं कुणी टांगली, मला आजवर उलगडलेलं नाही. पुढे आईचं पातळ रंगवायला घेऊन गेले, तर चाचांनी हातच पुढे केला नाही. “दुसरीकडं टाक बेटी,” एवढंच म्हणाले.

त्याचं कारण मात्र मला ठाऊक आहे.