काहून मेलं?
स्पिरिटचा वास आला की माझा डावा कान अजून ठणकतो. मी तेव्हा ग्रामीण रुग्णालयात नर्स होते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, भर दुपारी, तीन दिवसांचं एक बाळ निळं पडून आलं आणि माझ्या हातातच गेलं. बापाला ते सांगितलं मात्र, त्याने औषधांचा ट्रे उचलून माझ्या तोंडावर हाणला. बाटल्या फुटल्या, स्पिरिट सांडलं, कानातून रक्त गळ्यावर आलं. माझं डोकं भिंतीवर आपटत तो ओरडला, "काल चांगलं दूध पेऊन राह्यलं होतं लेकरू! मंग काहून मेलं? सांग मले!" दोन वॉर्डबॉयनी त्याला ओढून नेलं. पोलिसांना मी मारहाण सांगितली; पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, डॉक्टरांकडेही नव्हतं. कानाच्या टाक्यांपेक्षा तेच जास्त सलत राहिलं. आता मी नवजात बाळांच्या मृत्यूंवर संशोधन करते, गावोगाव जाऊन आयांशी बोलते. पहिलं घर मी त्याचंच निवडलं. मला पाहून तो उठून शेताकडे निघून गेला. त्याच्या बायकोने मात्र मला आत बसवलं. म्हणाली, "बाई, त्या दिवसापासून मले कोनी काई इचारलंच नाई."