भावजींना ऐकू आलेला नवा ॲम्प

मंडळी, आज दुपारी आमच्या वडवणीतल्या एका संगीततज्ज्ञांनी कहर केला.

हे आमचे बाळू भावजी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात, म्हणून गावातलं सगळं संगीत त्यांनाच कळतं. चाळिशीत मी सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार शिकायला घेतली, तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या ॲम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याची, सगळी बटणं फुल करून ठेवली. आवाज फाटला की वर म्हणायचे, "वहिनी, खेळणं हाय हे. भंगारात द्या."

मी मात्र माझ्याच बोटांना दोष देत राहिले. शेवटी गिटार विकायचं ठरवलं.

विकायचीच तर निदान नीट करून विकावी, म्हणून आज सकाळी बसले. गंजलेल्या तारा बदलल्या, सूर लावले, कोपऱ्यात जमिनीवर पडलेला ॲम्प स्टुलावर ठेवला आणि आवाज फाडणारं गेनचं बटण बरंच खाली आणलं. घरघर गेली. एकेक सूर स्वच्छ ऐकू आला, तसं मला रडूच आलं.

दुपारी भावजी आले. डोळे मिटून, मान डोलवत ऐकलं.

"लई भारी! घेतला ना नवा ॲम्प? मी म्हणलोच होतो."

"भावजी, तोच आहे."

"न्हाई वहिनी, आमाला नका शिकवू. कान हाय आमचा!"

असल्या कानाच्या भरवशावर मी गिटार विकायला निघाले होते!

तुम्ही कुठल्या दीडशहाण्याचं ऐकून काय सोडून दिलंत?