गोदाकाकूचा आडवा झालेला माड

गोदाकाकू म्हणजे पान जमिनीला टेकायच्या आधी उचलणारी बाई, असं दापोलीकडच्या आमच्या वाडीत म्हणतात. वादळाच्या दुसऱ्याच सकाळी ती कोयता घेऊन बागेत उतरली. पडलेल्या पोफळी चिरून मांडवासाठी रचल्या, फांद्या चुलीकडे नेल्या, बुंधे खणून काढले नि खड्ड्यांत नवी रोपं लावली. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा बाग कशी, सारवल्यासारखी!

"काकू, तुमचं तर काहीच पडलं नाही."

"पडलं नाही कसं? उचललं!"

"उचललेल्याचा फोटो कसा काढू?"

दगडी गडग्यापलीकडे धाकट्या जावेची, सखूची बाग. सखू तेव्हा माहेरी हेदवीला होती, त्यामुळे तिची झाडं पडली तशीच लोळत होती. त्यांत गोदाकाकूचाही एक माड होता, गडगा ओलांडून पलीकडे आडवा झालेला; अलीकडचा बुंधा तेवढा तिने खणून काढला होता. तलाठ्याने फोटो काढले आणि तोही सखूच्याच नावावर धरला.

सखूच्या खात्यात सरकारी मदत जमा झाली. त्या पैशांतून तिच्या विहिरीवर पंप आला. त्याची घरघर सुरू झाली की इकडे रहाटाशी उभ्या गोदाकाकूच्या हातातली कळशी आपटायची.

"अगो, तिचंही नुकसानच झालं ना?" तिचे यजमान दादूकाका म्हणाले.

"झालं तर! पण पसारा घालणारीला बक्षीस, नि आवरणारीला ठेंगा? आणि माड माझा!"

"मग जाऊन सांग तिला."

"तिला कशाला? सांगायचं तिथे सांगते."

ती एसटीने दापोलीला गेली आणि तहसील कचेरीत तक्रार देऊन आली. चार दिवसांनी तलाठी दारात हजर. गडग्याशी निम्मी वाडी गोळा झाली.

"सखूताई, हा माड कुणाचा?"

गोदाकाकूने पदर खोचला. सखू खोटं बोलणार, मग आपण तोंड सोडणार, असं तिने मनात बसवून आणलं होतं.

"जाऊबाईंचा," सखू म्हणाली. "माहेरून आल्यावर सही करतानाच मी बोलले होते. तुम्हीच म्हणालात, पडला तिथला धरायचा."

गोदाकाकूचं तोंड उघडंच राहिलं. पंप तिचा, आता खरेपणाही तिचाच?

तलाठ्याने कपाळ पुसलं. "यांच्याकडचा कमी करतो. पण काकू, तुम्हाला देता नाही यायचा. पुराव्याला बुंधा कुठाय?"

बुंध्याच्या जागी गोदाकाकूचंच रोप डुलत होतं.

"करा कमी," सखू म्हणाली. "जाऊबाईंचं मला नको."

सगळी वाडी सखूकडे कौतुकाने बघायला लागली. गोदाकाकूला ते मात्र सोसवेना.

"ए, थांब! तू कोण नको म्हणणार? माड माझा. द्यायचा की नाही ते मी ठरवणार. तलाठीभाऊ, तिच्याच नावावर राहू दे."

"मग तुमची तक्रार?"

"घेतली मागे! लिहा तसं."

"जाऊबाई, अहो..."

"गप घे. आणि पंप सुरू केलास की लोकांना सांग, जाऊबाईंच्या माडाचं पाणी आहे म्हणून."

सखूला हसू आवरेना. "सांगेन हो, सांगेन."

आता पाणवठ्यावर कुणी सखूच्या पंपाचा विषय काढला, की गोदाकाकू कळशी खाली ठेवते आणि ऐटीत विचारते, "सरकारने दिला म्हणतेस? कुणाच्या माडावर?"