काळ्या कड्याचा नियम

ते कडं मी स्वतः लेथवर काढलं. नगरच्या एमआयडीसीत मी टर्नर आहे. जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या लोखंडी पाइपाचा दोन बोटं रुंद तुकडा घेतला, धारदार कडा घासून गुळगुळीत केल्या, गॅसवर लाल केला आणि जुन्या ऑइलमध्ये बुडवला. काळाकुट्ट झाला.

हे सगळं एका खेळासाठी होतं. रविवारी दुपारी आमच्या घरी चौघं बसायचो: मी, धाकटी बहीण, माझ्याच कारखान्यातला शेवगावकडचा मित्र आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील. गोष्ट मी सांगायची. त्या तिघांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करणार ते ठरवायचं. ते जमतंय की नाही, हे वीस बाजूंचा फासा सांगायचा; आकडा मोठा तेवढं बरं. आमची गोष्ट एका मेलेल्या अवकाशयानात चालली होती, जिथली यंत्रं मंत्रांनी जागी व्हायची. अण्णा कोर्टाच्या नकला विभागातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून रविवार त्यांना खायला उठायचा, म्हणून बहिणीनं त्यांना खेळात ओढलं. ते म्हातारे वाटाडे झाले.

मला गोष्टीत एक शापित वस्तू हवी होती, माणसाला आतून हळूहळू नासवणारी. चार दिवस मशीनवर उभा राहून विचार केला आणि नियम बनवला. कडं घालणाऱ्याचा फासा वाईट पडला, तर त्याला तो पुन्हा टाकता येईल. बदल्यात दर वेळी त्यानं सोबत्यांपासून एक खरी गोष्ट लपवायची आणि ती चिठ्ठीवर लिहून फक्त मला द्यायची. दर चिठ्ठीला त्याच्या पात्राच्या कागदावरचं एक वर्तुळ मी काळं करणार. सहा वर्तुळं भरली की ते पात्र कड्याच्या ताब्यात.

कडं अण्णांनी उचललं. मला नवल वाटलं. ऑफिसचा टाचण्यांचा डबासुद्धा कधी घरी न आणलेला हा माणूस. "बघू तरी काय होतंय," एवढंच म्हणाले.

पहिली चिठ्ठी आली: 'वाटेत पाण्याचा साठा दिसला. सांगितला नाही.' तिसऱ्या रविवारपर्यंत टेबलावरची हवा बदलली. बहीण अण्णांच्या प्रत्येक वाक्यावर थांबून विचार करायला लागली. मित्र आधी त्यांच्या शेजारी बसायचा, तो समोर जाऊन बसला. हसणं कमी झालं. मी मनातून खूश होतो. मला हेच तर हवं होतं.

चौथी चिठ्ठी: 'समोरचं दार मला दिसत नाही. दिसतं असं सांगतो.' अक्षर ओळ सोडून खाली घसरलं होतं, दोन शब्द एकावर एक चढले होते. ज्यांच्या हातची नक्कल वकील मागून घ्यायचे, त्यांचं हे अक्षर. मला वाटलं, अण्णा काय सुरेख वठवतायत. मी वर्तुळ काळं केलं.

पाचव्या रविवारी अण्णांनी फासा टाकला आणि म्हणाले, "सतरा."

"अण्णा, अकरा आहे," बहीण म्हणाली.

"सतराच होता. तुझा हात लागला."

"माझा हात लागला नाही. मागच्या वेळीही तुम्ही नऊचे एकोणीस केले होते. मी गप्प बसले."

अण्णांच्या मनगटातलं कडं टेबलाच्या काठाला घासत होतं. मी म्हणालो, "अण्णा, फासा खोटा सांगायचा असा नियम नाही. पुन्हा टाका."

त्यांनी टाकला. फासा त्यांच्या अगदी पुढ्यात थांबला. चार. आम्हा तिघांनाही दिसला. अण्णा बघत राहिले. मग त्यांनी मान थोडी तिरकी केली, जणू फाशाच्या बाजूला काही शोधत होते, आणि हळू म्हणाले, "चौदा."

बहीण बोलणार तेवढ्यात मित्रानं तिला थांबवलं. "काका, मला संशय हुता. मागं तुमी किटलीतला च्या कपाच्या भाईर वतला. म्हनलं, थोरल्या मान्साला कसं इचारायचं."

अण्णांनी कडं काढून ठेवलं. "नजरेच्या मधोमध डाग आहे," ते म्हणाले. "डाव्या डोळ्यानं तर तुमची तोंडंच दिसत नाहीत."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुला चिठ्ठीत लिहिलं होतं की."

मी कागदांतून चौथी चिठ्ठी काढली. हा माणूस परवापर्यंत स्कूटरवरून भाजी आणत होता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे पडद्याला सूज आहे. आधी आणलं असतं तर डाव्या डोळ्याचं जास्त वाचलं असतं. अण्णा लगेच म्हणाले, "उशीर माझा आहे." पण चिठ्ठी माझ्या हातात पडली होती, आणि मी ती वाचून पेन उचललं होतं.

रिक्षात बहिणीनं विचारलं, "का लपवलंत, अण्णा?"

"स्कूटर काढून घेतली असती तुम्ही. रविवारही बंद पडला असता." मग म्हणाले, "खेळात लपवायची मुभा होती. त्यामुळे घरात लपवतोय असं वाटतच नव्हतं."

डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. उजवा डोळा सावरला, पेपरचे मथळे वाचता यायला लागले. डावा तसाच राहिला. स्कूटरची किल्ली अण्णांनी कोणी मागायच्या आधीच बहिणीच्या हातात दिली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा बसलो. फासा बहिणीनं वाचायचा ठरलं. अण्णांच्या वाटाड्यानं सोबत्यांसमोर उभं राहून पाण्यापासून दारापर्यंत सगळं कबूल केलं. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, आता कड्याचं काय होणार म्हणून. मी कागद चाळले. नासण्याच्या सहा पायऱ्या मी लिहिल्या होत्या; परत फिरायचं कसं, ते कुठेच लिहिलं नव्हतं. तसं मी सांगून टाकलं.

"मग आम्ही ठरवतो," बहीण म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. वाटाड्याला यानातच सोडून द्यावं, असं तिचं मत पडलं. मित्र म्हणाला, "म्हातारं मानूस हाय, असं टाकून कसं जायचं." अण्णांनी स्वतःची बाजू वकिलासारखी मांडली. तासभर वाद झाला. शेवटी बहिणीनं आणि मित्रानं वाटाड्याला सोबत घेतलं, पण पुढे चालू दिलं नाही. अण्णांना ते अजून मान्य नाही.